मुक्काम पोस्ट मोशी

परगावी जायचे ठरले की आपल्या घरांत पहिला प्रश्न निघतो तो 'जायचे कधी' हा नव्हे. 'उतरायचे कुठे' हा. आमच्यासारख्या नाशिककरांना पुण्यापुरता तरी हा प्रश्न एके काळी पडत नसे. प्रत्येक घराचे कोणी ना कोणी सदाशिव नाहीतर नारायण पेठेत असायचेच. एक वळकटी, लाडवांचा एक डबा आणि स्टँडवरून एक टांगा, एवढ्यावर मुक्काम ठरून जाई. तिथून शनिवारवाडा पायी, तुळशीबाग पायी, मंडई पायी, आणि पायांत थोडी अधिक ताकद असेल तर पर्वतीही पायीच! पुणे म्हणजे तेवढेच अशी आमची समजूत होती, आणि त्या दिवसांत ती फारशी खोटीही नव्हती.

मग पुणे हलले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले आणि कितीतरी कुटुंबे सहकारनगर, गोखलेनगर अशा नव्या वसाहतींत गेली. दुसरीकडे त्याच्याही आधीपासून पिंपरीला यंत्रांची घरघर सुरू झाली होती. १९५४ साली तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी आली, १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांची रांग लागली. पिंपरी-चिंचवडची १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. आता 'पुण्याला जाऊन आलो' असे कोणी म्हणाले, तर 'कोणत्या पुण्याला?' असे विचारल्यावाचून त्या वाक्याला अर्थच राहत नाही.

गेल्या वर्षी संक्रांत झाल्यावर आम्ही चौघेजण निघालो तेव्हा हाच प्रश्न आमच्या पुढ्यात आला. आईला आळंदीला माउलींचे दर्शन घ्यायचे होते. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे. सौभाग्यवतीला लक्ष्मी रस्त्यावर साड्या पाहायच्या होत्या. माझा मावसभाऊ कोथरूडला असतो. तिथे एक जेवण ठरलेलेच. आणि चौथी आमची अक्का, माझी थोरली बहीण. ती सिन्नरची. तिला ना साडी हवी होती, ना देऊळ. तिला तिचा मुलगा पाहायचा होता.

हा माझा भाचा आयटीआय करून तीन वर्षांमागे चाकणच्या कारखान्यात लागला. दर महिन्याला न चुकता पैसे पाठवी, पण दिवाळीला मात्र लागोपाठ दोनदा आला नाही. फोनवर विचारले की, "मामा, सगळं ठीक आहे. आईला सांगा, काळजी करू नकोस." जो मुलगा पूर्वी पाऊण तास बोलायचा तो दोन मिनिटांत आवरते घेऊ लागला, म्हणजे आईच्या मनात काय येत असेल ते निराळे सांगायला नको. अक्काचे यजमान जाऊन सहा वर्षे झाली. चार एकर शेत ती दीराच्या मदतीने सांभाळते. मुलाला तिथे ठेवावे की परत बोलवावे, हे तिला ठरवायचे होते, आणि फोनवरून ते ठरत नव्हते.

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही नकाशा घेऊन बसलो.

पहिला पर्याय अर्थातच पेठांचा. तिथली खाण्याची, देवदर्शनाची आणि खरेदीची सोय अजूनही कुठे नाही. पण गाडी उभी करायला जागा नाही, आणि चाकण तिथून तीस-पस्तीस किलोमीटर. दुसरा शिवाजीनगर-डेक्कनचा. चारी दिशांना जायला सोयीचा. मात्र इतके लक्षात ठेवावे, की २०१९ च्या अखेरीस मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचे एसटी स्थानक वाकडेवाडीला हलले. तिसरा पुणे स्टेशनचा. पहाटेची आगगाडी धरायची असेल त्यानेच तिथे उतरावे. चौथा चिंचवडचा, आणि त्याच्याविषयी आम्ही बराच वेळ बोललो. मोरया गोसावींची समाधी, पवनेचा घाट, चापेकर बंधूंचे गाव, शिवाय पुणे-लोणावळा लोकल. पिंपरीहून थेट स्वारगेटपर्यंत मेट्रो आहे. मार्च २०२२ मध्ये ती फुगेवाडीपर्यंत धावू लागली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जमिनीखालून मंडईवरून स्वारगेटला पोचली. ज्यांना पुणेही पाहायचे आहे आणि निवांतही राहायचे आहे, त्यांना मी आजही चिंचवड किंवा निगडी प्राधिकरणच सुचवीन.

"पण तो येणार कसा?" अक्काने एकदाच विचारले आणि आम्ही नकाशावरून माना वर केल्या.

भाच्याची पहिली पाळी. पहाटे कंपनीची बस धरायची, दुपारी चारच्या पुढे सुटायचे. पुण्यात उतरलो तर चाकणच्या रस्त्यावरची वाहनांची कोंडी ओलांडून तो संध्याकाळी सात-साडेसातला पोचणार, घाईने दोन घास खाणार आणि 'उद्या पहाटे उठायचंय' म्हणत निघणार. म्हणजे मायलेकांची भेट हॉटेलच्या टेबलावर, तीही घड्याळाकडे बघत!

नाशिकहून पुण्याकडे येताना संगमनेर, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण अशी गावे मागे पडतात. मग इंद्रायणीचा पूल लागतो आणि पलीकडे येते ती मोशी. आमच्या गाड्या वर्षानुवर्षे इथूनच जातात, पण उतरायची जागा म्हणून या गावाकडे आम्ही कधी पाहिले नव्हते. नकाशावर बोट ठेवल्यावर दिसले, की चाकण इथून दहा-एक किलोमीटर, आळंदी त्याहूनही जवळ, आणि देहूहून आळंदीला जाणारा रस्ता मोशीतच नाशिकच्या रस्त्याला छेद देतो. एका हाताला तुकोबा, दुसऱ्या हाताला ज्ञानोबा आणि समोर भाच्याचा कारखाना! मुक्काम ठरला.

कंडक्टरने विनंतीला मान देऊन आम्हाला मोशीच्या चौकात उतरवले. हमरस्त्यापासून थोडे आत एका साध्या लॉजमध्ये दोन खोल्या मिळाल्या. पुण्यात फोनवर जे भाडे ऐकले होते, त्याच्या जवळजवळ निम्म्यात.

आता मोशी कशी आहे ते सांगतो, आणि सांगायचे तर सगळेच सांगायला हवे. १९९७ साली चिखली, तळवडे, चऱ्होली या गावांबरोबर मोशीही पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. त्यामुळे इथे दोन गावे एकमेकांत मिसळून राहतात. जुन्या गावात नागेश्वर महाराजांचे देऊळ, पारावर टोपी घालून बसलेली म्हातारी मंडळी, दारात म्हैस. आणि तिथून हाकेच्या अंतरावर दहा-बारा मजली इमारती, ज्यांच्या गच्च्यांवर वाळत घातलेले कारखान्यांचे निळे-करडे गणवेश वाऱ्यावर हलत असतात. चहाच्या टपरीवर लातूर, बीड, जळगाव, बुलढाणा अशा सगळ्या जिल्ह्यांची मराठी ऐकू येते, आणि हिंदी तर आहेच. पहाटे पाचला चौकात हातात डबा घेतलेल्या तरुणांची गर्दी उसळते. एकेक बस येते, नि सहाला चौक पुन्हा रिकामा!

उणिवाही आहेत. हमरस्त्यावर रात्रभर मालमोटारी धावतात, तेव्हा रस्त्याकडेची खोली कधी घेऊ नये. खडीच्या खाणींमुळे धूळ आहे. शहराचा कचरा डेपोही मोशीतच. १ ऑगस्ट २०२३ रोजी तिथे कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले खरे. तरी वारा त्या बाजूने वाहू लागला की नाकाला सारे समजते. खोली घेण्यापूर्वी संध्याकाळच्या वेळी पाच मिनिटे गच्चीवर उभे राहावे, म्हणजे कोणाला काही विचारायला नको. आणखी एक. मोशीत मोठे प्रदर्शन केंद्र आहे आणि दर डिसेंबरात तिथे 'किसान' हे शेतीचे प्रदर्शन भरते. त्या दिवसांत आणि कार्तिकी एकादशीच्या सुमारास इथे खोली मिळणे अवघड. आम्ही जानेवारी निवडला तो त्यासाठीच.

बुधवारी सकाळी आम्ही आळंदीला गेलो. आईला रांगेत फार वेळ उभे राहावे लागले नाही. समाधीपाशी ती काही क्षण डोळे मिटून उभी राहिली. मग घाटावर आली आणि पाण्यावर तरंगणारा पांढरा फेस पाहून म्हणाली, "हे काय रे? साबण कोणी सांडला?" शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांची घाण शुद्ध न होता नदीत येते, त्याचा हा फेस, असे मी सांगितले. ती काही बोलली नाही. पण तीर्थ म्हणून नेहमी भरून घेते तो तांब्या तिने पिशवीतून बाहेर काढला नाही.

दुपारी चारपासून अक्का चौकात उभी होती. पाच वाजून गेल्यावर एक बस थांबली आणि तीतून भाचा उतरला. वाळला होता. आईला पाहून हसला, पण हसताना मान खाली गेली. त्या संध्याकाळी कोणी काही विचारले नाही. खोलीवरच बाजरीच्या भाकऱ्या नि शेंगदाण्याची चटणी उघडली, तो पोटभर जेवला आणि तिथेच आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. इथली एक रीत बाहेरगावच्या माणसाला ठाऊक नसते. विजेचा भार सगळ्या उद्योगवस्त्यांवर एकाच दिवशी पडू नये म्हणून साप्ताहिक सुट्ट्या वाटून दिलेल्या असत, आणि या भागातल्या पुष्कळ कारखान्यांना रविवारऐवजी गुरुवारी सुट्टी असते. आपण रविवार धरून यावे आणि मुलगा नेमका कामावर असावा, असे कितीतरी आईबापांचे होत असेल. आम्ही वार विचारूनच निघालो होतो.

सकाळी अक्का म्हणाली, "चल, तुझी खोली दाखव."

"कशाला आई? लांब आहे."

"चालेन मी."

खोली दहा मिनिटांच्या वाटेवर होती. दहा बाय बारा. पाचजण राहत होते. रात्रपाळी करून आलेले दोघे भिंतीकडे तोंड करून झोपले होते, म्हणून आम्ही दारातूनच पाहिले. कोपऱ्यात एक स्टोव्ह, खुंट्यांवर पाच डबे. भाच्याच्या ट्रंकेवर संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचे पुस्तक आणि खुणा केलेली वही. बाहेर ओट्यावर बसल्यावर एकेक गोष्ट सुटत गेली. पहिल्या ठेकेदाराचे कंत्राट संपले होते. दुसऱ्याकडे पगार कमी. घरी पैसे मात्र पूर्वीइतकेच जात होते, कारण हा एक वेळच्या खाणावळीवर भागवीत होता. दिवाळीत सुट्टीच्या दिवशीही कामावर गेला, कारण त्या दिवसाचे जास्त मिळतात. संध्याकाळी भोसरीला नव्या यंत्रांचा वर्ग करीत होता. तो जूनमध्ये पुरा व्हायचा होता.

अक्का बराच वेळ रस्त्याकडे पाहत बसली. मला वाटले, आता ही म्हणणार, 'चल घरी.' येताना तिच्या मनात तेच होते, हे मला ठाऊक होते. पण ती म्हणाली, "जूनपर्यंत पैसे पाठवायचे नाहीत. दोन वेळ जेवायचं. कांदा निघाला की मीच पाठवीन काहीतरी. वर्ग पुरा कर, मग बघू. शेत काही पळून जात नाही."

"आई, पण काका..."

"काकांना मी सांगेन."

एवढेच बोलणे झाले. नंतर दोघे मायलेक नागेश्वराच्या देवळाकडे गेले आणि आम्ही मुद्दाम मागे राहिलो.

शुक्रवारी आम्ही नाशिक फाट्यापर्यंत रिक्षाने नि पुढे मेट्रोने मंडईला गेलो. खडकीपर्यंत सारे शहर खिडकीतून दिसत होते. पुढे गाडी जमिनीखाली शिरली तशी आईने माझा हात धरला. सौभाग्यवतीच्या साड्या झाल्या. शनिवारी कोथरूडला जेवण झाले. "हॉटेलात का उतरलात? आमचं घर काय लहान होतं?" हा प्रश्न तिथे आलाच. अक्काने उत्तर दिले, "तुझं घर मोठं आहे रे, पण चाकणपासून लांब आहे." मावसभावाने आणखी एक पोळी तिच्या पानात वाढली आणि विषय मिटला. भाच्याचा वर्ग पुरा झाला आहे. सध्या तो भोसरीच्याच एका लहान कारखान्यात आहे, आणि यंदाच्या दिवाळीची त्याची रजा मंजूर झाल्याचे अक्काने कळवले आहे.

कोणत्याही मोठ्या शहरात उतरताना जागेचे नाव, सजावट किंवा भाडे पाहण्याआधी कागदावर दोन गोष्टी लिहाव्यात. ज्यासाठी आपण जातो आहोत ते माणूस किंवा काम कुठे आहे, आणि त्या माणसाचा मोकळा वेळ कोणता. प्रेक्षणीय स्थळे आपली वाट पाहत थांबतात. शनिवारवाड्याला पाळी नसते. माणसांना असते. अंतर किलोमीटरमध्ये न मोजता संध्याकाळी पाचच्या गर्दीत किती वेळ लागतो, त्यावर मोजावे. म्हातारे माणूस बरोबर असेल तर जिने आधी विचारावेत. आणि नातेवाईक रुसतील म्हणून लांब उतरू नये. त्यांच्याकडे एक दिवस पोटभर जेवायला जावे, रुसवा राहत नाही.

मोशीला पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारले तर यादी फार लांब होणार नाही. पण महाराष्ट्रातल्या किती घरांतली मुले आज या पट्ट्यात, चौकातली पहाटेची बस धरून, आपल्या घरांचे हप्ते आणि बहिणींची लग्ने उभी करीत आहेत! त्यांपैकी एखादा तुमचा असेल, तर पुढच्या खेपेला पुण्याचे तिकीट काढताना पेठांकडे जरा उशिरा वळा. गुरुवार गाठा. आणि उतरताना डब्यात भाकऱ्या थोड्या जास्तच असू द्या. खोलीत पाचजण असतात.