दऱ्या की दर्या

आमच्या वाचनालयासाठी कर्जत-खालापूर परिसरातल्या किल्ल्यांवर बत्तीस पानी पुस्तिका काढायची होती. कोथळीगड, ढाक, इर्शाळगड, सोंडाई, शिवाय 1661ची उंबरखिंडीची लढाई. पानं मीच लावीन असं सभेत बोलून बसलो. शाळेत असताना खोपोलीच्या एका छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याशेजारी तासन्‌तास उभा राहायचो, तेवढ्याच भांडवलावर.

भाचा म्हणाला, "मामा, वर्डमध्ये नको, लाटेक वापर." मूळ टेक हा डोनाल्ड क्नुथ या अमेरिकी प्राध्यापकाचा. त्याच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं 1977मध्ये आली ती इतकी ओबडधोबड, की त्याने हातातलं लिखाण बाजूला ठेवून अक्षरजुळणीचीच आज्ञावली लिहायला घेतली. माणूस एकदम आपला वाटला.

टेक लाइव्हचा सगळा संच पाच-सहा जीबीचा. आषाढात आमच्याकडे डोंगरावर ढग टेकले की वीज जाते आणि मागोमाग नेट. दोनदा अर्ध्यावर तुटलं. शेवटी भाच्याने डोंबिवलीत उतरवून पेनड्राइव्हवर घेतलं आणि रविवारच्या कर्जत लोकलने आणून दिलं, स्टेशनवरच्या वडापावासकट.

पहिलं पान कोरं आलं. म्हणजे अगदी कोरं नाही. पूर्णविराम, स्वल्पविराम आणि खाली पानाचा आकडा तेवढा होता, मधली अक्षरं गायब. लाटेकच्या नेहमीच्या टंकात देवनागरी नसतेच. झीलाटेक या लाटेकच्याच प्रकाराला युनिकोड कळतं, संगणकातला कुठलाही टंक चालतो, पण तो नाव घेऊन सांगावा लागतो. मी आयआयटी मुंबईचा 'शोभिका' सांगितला. अक्षरं उमटली, पण 'कर्जत'मधला रफार डोक्यावर चढेना आणि 'किल्ला'ची वेलांटी क ओलांडून उजवीकडे जाऊन बसली. लिपी देवनागरी आहे, हेही वेगळं लिहावं लागतं. त्याखाली भाषा मराठी, हेही. ज्या टंकात दोन्ही वळणं भरलेली असतात, तिथे हे सांगितलं की पाकळीचा ल आणि देठाचा श येतो, नाहीतर हिंदी वळणाचे. ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा याचे मराठी नियमही संचातच मिळाले. यासाठी मी कैची घेऊन बसायच्या तयारीत होतो.

खरी गंमत पुढेच होती. मजकूर दहा वर्षांपूर्वीचा, जुन्या फाँटमधला. युनिकोडमध्ये बदलून घेतला होता. पान सुबक दिसत होतं म्हणून मी वाचायचाच थांबलो होतो. बायकोने चहा ठेवता ठेवता वाचलं, "ढाकच्या भोवती खोल दर्या आहेत," आणि विचारलं, "समुद्र कधी आला इथे?"

बदलाबदलीत र्‍याचा र्या झाला होता. पारध्याच्या वाटेवरचे "आचाऱ्यांचे टाके" आचार्यांचं झालं होतं. स्वयंपाक्यांना एकदम गुरुपद. सरसकट बदलायचं म्हटलं, तर सूर्य, कार्य, धैर्य सगळेच बिघडतात. म्हणून शब्दवार शोधत बसलो. 'दर्या' एकवीस ठिकाणी होता. कंटाळून तेवढा मात्र एका फटक्यात बदलला: सगळीकडे 'दऱ्या'. इन्व्हर्टर शेवटचं ओरडत होता, पीडीएफ तयार झाली, मी ती छापायला पाठवली.

छापून आलेल्या पहिल्या प्रतीत राजमाचीचं पान उघडलं. तो किल्ला काही काळ कान्होजी आंग्रे यांच्याकडे होता. आमच्या पुस्तिकेत ते "दऱ्यावर्दी" आहेत.