कान्तो आणि कान्ताबा

स्पॅनिश भाषेंत ‘कान्तार’ म्हणजे गाणें. यांतील शेवटचा ‘आर’ काढून टाकिला कीं जें उरतें, त्यास भूतकाळाचे प्रत्यय लागतात. कान्ते म्हणजे मी गायलें, कान्तास्ते म्हणजे तूं गायलास. पुढें कान्तो, कान्तामोस, कान्तास्तेइस, कान्तारोन. ‘आर’ शेवटीं असलेले सारे नियमित धातु याच चाकोरीनें चालतात. ‘एर’ आणि ‘इर’ यांची चाकोरी निराळी. शाळेंत ‘रामः रामौ रामाः’ घोकलेल्या आम्हां बायकांस सहा रूपांचें भय तें काय वाटणार! आघात मात्र सांभाळावा लागतो. ‘कान्तो’ म्हणतांना पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘मी गातें’, शेवटच्यावर दिला तर ‘तो गायला’.

आपल्याकडे अभंग म्हटला, आरती म्हटली, स्तोत्र म्हटलें, असें क्रियापद कर्मामागें धांवतें. स्पॅनिश क्रियापद कर्मास विचारीत नाहीं. आणि गाणारा पुरुष कीं स्त्री, हेंहि सांगत नाहीं. मला तें आवडलें.

खरी अडचण पुढेंच आहे. ‘कान्तो’ म्हणजे गायला, आणि तें गाणें संपलें. ‘कान्ताबा’ म्हणजे गात असे, किंवा गात होता. आपल्या व्याकरणांतील रीतिभूतकाळ, ‘तो गाई’, ‘ती सांगे’, हा या दुसऱ्याचा जवळचा आप्त. स्पेनमध्यें तर आजच घडलेल्या गोष्टीस बहुधा तिसरेंच संयुक्त रूप योजितात. पाणिनीचा ‘अनद्यतन’ आठवून मौज वाटते.

माझी नात माद्रिदला वाढते आहे. तिला मराठी कळतें, पण उत्तर येतें तें स्पॅनिशमध्यें. यजमानांना जाऊन तीन वर्षें झालीं. तिला ते फारसे आठवत नाहींत. त्यांच्याविषयीं तिला तिच्या भाषेंत सांगावें म्हणून मीं वहींत दोन रकाने आंखले. एका गणेशोत्सवांत ते आळींतल्या सर्वांसमोर गायले, तें ‘कान्तो’च्या खालीं गेलें. रोज पहाटे स्नान करतांना गात, तें ‘कान्ताबा’च्या. पाहतां पाहतां दुसरा रकाना पानभर झाला आणि पहिल्यांत चारच ओळी राहिल्या. ‘मरणें’ हा धातु तिकडे तृतीय पुरुषांत अनियमित आहे. त्याच्या वाटेस मी अजून गेलें नाहीं.

तें पान तिला वाचून दाखविलें, तेव्हां तिनें विचारलें, “आजी, केऽ कान्ताबा?” काय गात असत? याचें उत्तर स्पॅनिशमध्यें देणें मला शक्य नव्हतें. मीं तें मराठींतच गाऊन दाखविलें.