अकरा पाऊणे सव्वाआठ

बालमित्रांनो, आज मी तुम्हांला माझीच एक चूक सांगणार आहे. शिक्षकांच्याही चुका होतात बरं का!

मी मूळची घाटावरची. डी.एड. झाल्यावर दापोली तालुक्यात, हर्णै बंदराजवळच्या शाळेत नोकरी लागली. तोवर समुद्र मी फक्त सहलीतच पाहिलेला. चौथीच्या वर्गातला एक मुलगा अपूर्णांकांच्या तासाला सारखा खिडकीबाहेर बघत बसायचा. एकदा मी रागावून म्हटलं, "अभ्यास नाही केलास, तर बोटीवर जावं लागेल!"

तो उभा राहिला. "बाई, मला बोटीवरच जायचंय. माझे बाबा तांडेल आहेत. बोटीवर जाणं वाईट असतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. तांडेल म्हणजे मासेमारी बोटीचा कप्तान, एवढंच मी ऐकून होते. रविवारी बंदरावर गेले. त्याचे बाबा फाटलेलं जाळं सांधत होते. "भाऊ, तांडेल कसं व्हायचं?" मी विचारलं.

ते हसले. "बाई, पहिली दोन वर्षं मी बोटीवर भात शिजवला. मग जाळी ओढली. मग सुकाणू हातात आलं. तांडेल व्हायला बारा वर्षं लागली."

"आता तर जीपीएस, वायरलेस सगळं असतं ना?"

"असतं की! पण परत कधी फिरायचं, ते यंत्र ठरवत नाही."

मग त्यांनी ऑक्टोबर २०१९ची गोष्ट सांगितली. अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ तयार होत होतं. वायरलेसवर इशारा आला, तेव्हा जाळ्यात मासळी चांगली लागत होती. दिवाळी तोंडावर आलेली. आणखी एक दिवस थांबू या, असं खलाशी म्हणत होते. रिकामं परतलं तर डिझेल नि बर्फाचा खर्च अंगावर, नाखवा रागावणार ते वेगळंच. तरी यांनी जाळी वर घ्यायला लावली.

हर्णैचा किनारा उघडा. वादळात बोटी आसऱ्याला आंजर्ल्याच्या खाडीत न्याव्या लागतात, आणि आत शिरायला भरतीचं पाणी हवं. "त्या दिवशी एकादशी होती," ते म्हणाले. "अकरा पाऊणे सव्वाआठ. रात्री सव्वाआठच्या सुमाराला पाणी भरलं आणि आम्ही आत शिरलो. सगळी माणसं घरी आली. नाखवा चार दिवस बोलला नाही, पण पुढच्या फेरीला सुकाणू माझ्याच हातात दिलं."

मी चकित झाले. तिथीची पाऊणपट केली की आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती. ज्या अपूर्णांकांसाठी मी त्या मुलाला रागावत होते, ते त्याच्या घरात रोज वापरात होते!

सोमवारी मी वर्गासमोर त्याची माफी मागितली आणि खडू त्याच्या हातात दिला. त्याने फळ्यावर एक ते पंधरा तिथींची पाऊणकी न चुकता लिहिली. त्या दिवशी वर्गात कुणाचंच लक्ष खिडकीबाहेर गेलं नाही.

तुमच्या घरी कॅलेंडर आहे ना? आजची तिथी बघा आणि सांगा पाहू, हर्णैला भरती किती वाजता असेल?