नावं लिहून घेतली का?

4 एप्रिल 2025, शुक्रवार. ईद होऊन चारच दिवस झाले होते. जुम्म्याची नमाज संपल्यावर मशिदीबाहेर जो तो वक्फ विधेयकावर बोलत होता. पहाटेच ते राज्यसभेत मंजूर झालं होतं. कुणी कब्रस्तानाच्या सातबाऱ्याचं काय होणार विचारत होता, कुणी मोबाईलवर भाषणं ऐकवत होता. तेवढ्यात एकाने फोन पुढे केला आणि सगळे गप्प झाले. नांदेड तालुक्यातल्या आलेगाव शिवारात शेतमजूर बायांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला होता.

आलेगाव आमच्या चुडाव्याहून फार लांब नाही. बाया मात्र वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या, सकाळच्या पारी कामाला निघालेल्या. सात जणी गेल्या, तिघं वाचली. विहीर पाण्याने भरलेली, मोटारी लावून पाणी उपसावं लागलं.

घरी येऊन मी अब्बांना हे सांगितलं. त्यांना आता मशिदीपर्यंत चालवत नाही, खुर्चीवर बसून घरीच नमाज पढतात. त्यांनी सगळं ऐकलं, ‘इन्ना लिल्लाह’ म्हणाले आणि थोड्या वेळाने विचारलं, “जो बचे, उनको निकाले कौन?”

म्हटलं, आधी धावले ते आसपासचेच लोक असतील.

“उनके नामां लिख लिए क्या?”

सात बायका मेल्याच्या बातमीवर माझ्या बापाचा हा प्रश्न. बाहेरच्या माणसाला तो विचित्र वाटेल. आमच्या घरात तो सत्तावीस वर्षांपासून मुक्कामाला आहे.

1998 साली अब्बांकडे काळीपिवळी जीप होती. पूर्णा ते नांदेड, मधे चुडावा, लिंबगाव. आठ जणांच्या जागेत चौदा बसवायचे, दोन मागे लटकायचे. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी शेवटची फेरी टाकून ते आतल्या रस्त्याने परत येत होते. वाटेत एक नळकांडी पूल लागतो. त्याला कठडा नव्हता. एका बाजूचा भराव पावसाने खचला होता, म्हणून कुणीतरी तिथे बोरीची फांदी रोवून ठेवली होती. आमच्याकडे धोक्याची पाटी म्हणजे बोरीची फांदी. ती अंधारात दिसत नाही. पुलाखाली मोटरसायकल पडलेली होती आणि तिच्याजवळ एक तरुण विव्हळत होता.

अब्बांनी आणि जीपमधल्या दोघांनी त्याला उचललं. कसं उचलायचं याचं शिक्षण कुणाला होतं? एकाने बगलेत हात घातले, एकाने पाय धरले. मानेला आधार द्यायचा असतो हे मला स्वतःला चाळिशीत कळलं. शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. तिथे आधी नाव विचारलं गेलं, जखमीचं नव्हे, आणणाऱ्याचं. अब्बांनी नाव, बापाचं नाव, गाव, जीपचा नंबर सगळं सांगितलं आणि सही केली. बरोबरचे दोघे तोवर निघून गेले होते. ते शहाणे होते असं अब्बा नंतर म्हणायचे. तो तरुण पहाटे गेला.

तिसऱ्या दिवशी जीप पोलीस ठाण्यात उभी होती. मुलाच्या नातेवाइकांचं म्हणणं असं, की यानेच उडवलं आणि यानेच घाबरून दवाखान्यात आणलं. नाही तर कोण कुणासाठी एवढं करतो? दुसरं म्हणणं त्याहून वाईट: पोरगं खाली पडलं तेव्हा जिवंत होतं, बोलत होतं, यांनी ओढाताण केली म्हणून मेलं. आमच्या आडनावावरून पारावर काय बोललं गेलं ते मी इथे लिहीत नाही. मी तेव्हा नववीत होतो, ते सगळं माझ्या कानांवर आलं होतं. ज्या ठाण्यात आणि कोर्टात हे झालं त्यांची नावंही लिहीत नाही. त्या काळी दुसरीकडे वेगळं घडलं असतं असं मला वाटत नाही.

जीप सुपूर्दनाम्यावर सुटायला दीड महिना लागला. बंपरला धडकेची खूण नाही हे तपासणीत निघालं, तेव्हा आरोपी व्हायचे अब्बा साक्षीदार झाले. मग तारखा. समन्स यायचं, त्या दिवशी जीप बंद, दिवसभर बाहेर बाकावर बसायचं आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन यायचं. अम्मीने ती सगळी समन्सं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहेत. एकदा मी मोजली, चौदा निघाली. जीपचा हप्ता थकला आणि ती विकावी लागली. त्यानंतर अब्बांनी पंक्चरचं दुकान टाकलं आणि आम्हा भावांना एक नियम घालून दिला: रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर पाणी पाजा, अंगावर चादर टाका, हात लावू नका.

सूरह माइदाच्या ज्या आयतीत एक जीव वाचवण्याचं मोल सांगितलं आहे, तिच्यावरचं बयान अब्बांनी शेकडो वेळा ऐकलं असेल, अजूनही मान हलवून ऐकतात. नियम मात्र बदलला नाही.

या सगळ्यात त्या पुलाला कुणी काही विचारलं नाही. पंचनाम्यात पूल होता, पण ‘पुलाखाली’ एवढ्याच शब्दापुरता. तो कुणी बांधला, भराव कधी खचला, कठडा का नाही, हे विचारायला कुणी कुठल्या कार्यालयात गेलं नाही. पूल ना नाव सांगतो, ना सही करतो. अब्बांनी केली होती.

मुंबईतही असंच एक प्रकरण झालं. 29 ऑगस्ट 2017च्या पावसात बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. दीपक अमरापूरकर एल्फिन्स्टन भागात कमरेएवढ्या पाण्यातून घरी चालत निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीच्या समुद्रात सापडला. पुढे पोलिसांनी अटक कुणाला केली? तिथल्याच चार रहिवाशांना. तुंबलेलं पाणी ओसरावं म्हणून त्यांनी झाकण उघडलं, हा त्यांच्यावरचा आरोप. झाकण उघडं टाकणं चूकच, त्यात एका नामवंत डॉक्टरचा जीव गेला. पण एवढं पाणी तुंबलं कशाने, आणि झाकणाखाली जाळी का नव्हती? हा प्रश्न एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरत राहतो. चौघं मात्र जवळ राहत होते, सापडले.

अब्बांच्या बाजूने बोलणारा कायदा आला, पण अठरा वर्षं उशिरा. त्याची सुरुवात दिल्लीत झाली. 2007 साली पीयूष तिवारी यांच्या नात्यातला एक शाळकरी भाऊ रस्त्यावर जखमी होऊन पडला आणि जाणारे-येणारे बघत राहिले. मुलगा गेला. तिवारींनी पुढच्या वर्षी ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ काढलं आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेलं. 30 मार्च 2016 रोजी न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं देशभर बंधनकारक केली. 2019 साली मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ घातलं गेलं: कुणी चांगल्या हेतूने, स्वतःहून, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अपघातग्रस्ताला मदत केली आणि त्या मदतीत चूक होऊन जखमी दगावला, तरी त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होणार नाही. म्हणजे मान नीट न धरणाऱ्याचीही सुटका. पुढच्या वर्षी याचे नियमही आले. नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे मदत करणाऱ्याने ठरवायचं. झालाच, तर जबाब त्याच्या सोयीच्या वेळी, हवं तर त्याच्या घरी घ्यायचा, आणि घरी येणाऱ्या पोलिसाने साध्या कपड्यांत यायचं. या नियमांत एक वाक्य असंही आहे, की मदत करणाऱ्याला धर्म, राष्ट्रीयत्व, जात, लिंग यांवरून भेदभाव न करता सन्मानाने वागवायचं. ते वाचताना मी थांबलो. ज्याने लिहिलं त्याला पारावरचं बोलणं कुठूनतरी ऐकू आलं असावं.

हे सगळं दवाखान्याच्या दाराशी स्थानिक भाषेतही लावायचं असतं. तुमच्या गावच्या दवाखान्यात लावलेलं आहे का, जाऊन बघा. सेव्हलाइफच्याच 2018च्या पाहणीत 84 टक्के लोकांना या कायद्याची माहितीच नव्हती. आणि कलम आहे मोटार वाहन कायद्यात, म्हणजे मोटारीच्या अपघातापुरतं. गोदावरीत बुडणाऱ्याला काढायला जो उडी मारतो, त्याला या कलमाचा आधार नाही.

मला हे कलम पाठ होतं, तरी काय झालं ते सांगतो. 2022च्या उन्हाळ्यात नांदेडहून येताना एक दुचाकीवाला डिव्हायडरला धडकून पडलेला दिसला. मी गाडी थांबवली आणि 108ला फोन लावला. त्याच्यापासून दहा-बारा पावलांवर उभा राहिलो. पाण्याची बाटली हातात होती, तीसुद्धा दिली नाही. डोक्यावर टोपी होती, ती काढून खिशात घातली. का घातली हे मला त्या क्षणी कळलंही नाही. दोन कॉलेजची पोरं आली, त्यांनी त्याला रिक्षात घातलं आणि निघून गेली. नंतर रुग्णवाहिका आली, तिला मी सांगितलं की नेलं त्याला. ही गोष्ट मी अब्बांना सांगितली तेव्हा ते “ठीक किया” म्हणाले. त्या ‘ठीक किया’ने मला जेवढं लागलं तेवढं शिवीने लागलं नसतं.

आता पुलाकडे येतो. मदत करणाऱ्याला मोकळं सोडल्यावर जबाबदार कुणाला धरायचं? 1997 साली सर्वोच्च न्यायालयापुढे राजकोटचं प्रकरण होतं. रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून कामाला निघालेला माणूस मेला होता. न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं नाही. 1993 साली बडोद्याच्या सूरसागर तलावात बोट उलटून 22 जण बुडाले, तेव्हा महापालिकेने ठेकेदाराकडे बोट दाखवलं. त्यात मात्र 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने ठेका दिला म्हणून महापालिकेची जबाबदारी जात नाही असं सांगितलं. निकालाला एकवीस वर्षं लागली. आणि त्याच शहरात 2024च्या जानेवारीत हरणी तलावात पुन्हा बोट उलटली, बारा शाळकरी मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या.

महाराष्ट्रात 13 ऑक्टोबर 2025ला मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलबद्दल आदेश दिला: मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख, जखमीला 50 हजार ते अडीच लाख. पैसे आधी रस्त्याच्या मालकाने द्यायचे, मग जबाबदार अधिकाऱ्याकडून किंवा ठेकेदाराकडून वसूल करायचे. मला यातला वसुलीचा भाग महत्त्वाचा वाटतो. नाही तर भरपाई आपल्याच घरपट्टीतून जाते आणि ज्याने भराव खचू दिला त्याचा चहासुद्धा थंड होत नाही.

पण गावात दावा लावणं सोपं नसतं. सरकारवर दिवाणी दावा लावायचा तर दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते, तेवढं वकील करेल. पंचायतीत बसलेला माणूस मात्र आपल्या शेताचा शेजारी असतो, त्याच्या मुलीच्या लग्नात आपण पंगतीला बसलेलो असतो. आणि त्यातल्या त्यात आम्ही. त्या मेलेल्या मुलाच्या घरच्यांनी अब्बांवर संशय घेतला, त्याचा राग मला पुष्कळ वर्षं होता. आता वाटतं, एका जीपवाल्याशी भांडता येतं, त्याला दुकानात येऊन गाठता येतं. खचलेल्या भरावाला ते कुठे गाठणार होते?

आलेगावच्या दुर्घटनेत पंतप्रधान निधीतून दोन लाख आणि राज्य सरकारकडून पाच लाख जाहीर झाले. ती सरकारने केलेली मदत. कुणाच्या चुकीची भरपाई मात्र नाही.

गेल्या महिन्यात मी त्या नळकांडी पुलाच्या कठड्यासाठी अर्ज दिला. पहिल्या कार्यालयात कळलं की तो रस्ता त्यांच्याकडे नाही. दुसऱ्याने अर्ज घेतला, आवक नंबर टाकून पोच दिली. परत आल्यावर 134-अ आणि नियमांचं मराठी मी स्वतः केलं, मोठ्या अक्षरांत छापून आणलं आणि अब्बांना वाचून दाखवलं. नाव सांगायची सक्ती नाही, या ओळीवर त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग कागद हातात घेतला, चष्मा वर सरकवून खालून वर नीट बघितला, उलटा करून मागची बाजूही बघितली.

“इसपे शिक्का कां है?” त्यांनी विचारलं.