शहर समजून घेण्याची विद्या

माझ्या धाकट्या बंधूंची कन्या अहमदाबादला नगरनियोजनाचे शिक्षण घेत आहे. आमच्या घराण्यात दोन पिढ्या धान्याची अडत, तिसऱ्या पिढीत मी बँकेत. त्यामुळे या विद्येचे प्रयोजन काय, हा प्रश्न घरात निघणे स्वाभाविकच होते. रस्ते आखणे हे सरकारी अभियंत्याचे काम. त्यासाठी देशोदेशीच्या शहरांचा अभ्यास कशाला? तिच्या पुस्तकांच्या निमित्ताने थोडे वाचन घडले, आणि या प्रश्नाचे उत्तर आपल्याच प्रांताच्या इतिहासात सापडले.

पॅट्रिक गेडिस हे मूळचे स्कॉटलंडचे, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. १९१४ साली ते नगररचनेचे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात निघाले; परंतु प्रदर्शनाचे साहित्य असलेले जहाज ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडविले. नव्याने साहित्य जमवून १९१५ च्या प्रारंभी मद्रासला प्रदर्शन भरले. पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापक तेच होते.

शिकविण्यास आलेला हा गृहस्थ आधी शिकला. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ते काढण्यासाठी घरे पाडावीत, हा त्या काळचा रिवाज त्यांना मान्य नव्हता. ते गल्लीबोळांतून पायी हिंडत. विहिरी, तळी, अंगणे आणि झाडे पाहत. मोडकळीस आलेली थोडी घरे काढून मोकळी जागा करावी, बाकीचे जपावे, असे त्यांचे म्हणणे. इंदूरला प्लेगची भीती असताना त्यांनी दिवाळीची मिरवणूक स्वच्छ केलेल्या रस्त्यांवरून काढण्याची युक्ती योजली. मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून लोकांनी घरे आणि गल्ल्या झाडून काढल्या. सणाचे हे सामर्थ्य युरोपातील कोणत्या ग्रंथात त्यांना सापडले असते?

बँकेत आम्ही कर्जप्रस्तावाचे कागद कितीही चोख असले तरी गोदाम प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय शिफारस करीत नसू. गेडिस यांची पद्धत मला तशीच वाटते: आधी पाहणी, मग निदान, शेवटी उपाय.

परदेशातून घेण्यासारखेही पुष्कळ होते. जर्मनीतील फ्रँकफर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्या पुढाकाराने १९०२ साली तेथे एक कायदा झाला. विखुरलेल्या जमिनी एकत्र करून त्यांतून रस्ते काढायचे आणि उरलेली जमीन नव्या आखीव भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत द्यायची, हे त्याचे तत्त्व. तेच तत्त्व १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात आले. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले येथील योजना याच मार्गाने झाल्या. गुजरातेत ही पद्धत आजही जोमाने चालते. प्रत्येकाने थोडे सोडायचे आणि वाढलेल्या किमतीत सर्वांनी वाटेकरी व्हायचे, हा भागीदारीचा हिशेब व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

पुतणीच्या वर्गातील एक जर्मन विद्यार्थिनी गतवर्षी आमच्याकडे आठ दिवस राहिली. खाली दुकान, वर बिऱ्हाड, पुढे ओटा ही आमच्या पेठेची रचना तिने टेप घेऊन मोजली. ओट्यावर दिवसभरात कोण कोण बसते, याची तिने नोंद ठेवली: हमाल, पाहुणे, शाळेतून येणारी मुले, गिऱ्हाईक. साठ वर्षे त्या ओट्यावर बसूनही ही गणती आमच्यापैकी कोणी केली नव्हती. पुतणीने तिला फ्रँकफर्टच्या कायद्याबद्दल विचारले, तेव्हा तिनेही ते नाव प्रथम अहमदाबादेत ऐकल्याचे सांगितले! परस्परांकडून शिकणे म्हणतात ते हेच असावे.

आज आमच्या पेठेत रस्तारुंदीची चर्चा आहे. सगळे पाडून संकुल उभारावे असे काही म्हणतात. एक वीटही हलवू नये असे काही. दोन्ही पक्षांजवळ मोजमाप नाही. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की ठराविक मुदतीत नागरिकांना हरकती आणि सूचना देता येतात. त्या नुसत्या तक्रारीच्या नसाव्यात. ओटे किती, झाडे किती, मालगाड्या कोणत्या वेळी येतात, याची आकडेवारी सोबत असावी. व्यापारी मंडळींनी हे काम नगरनियोजनाच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून करावे. हिशेबाची वही आपल्याकडे आहेच. त्यात शहराचे एक खाते उघडावे, एवढीच विनंती.