अकोल्याचं विमान बेलोऱ्याहून

शिवणीचा विमानतळ आमच्या अकोल्यात आहे, पण त्याच्या कुंपणाजवळून आम्ही आजवर फक्त दुचाकीवरून गेलो. 1943 साली बांधलेला, म्हणजे अम्मीहूनही वयाने मोठा. धावपट्टी साधारण 1400 मीटर. ती वाढवायची तर शेजारची जमीन कृषी विद्यापीठाची. प्रवासी विमान काही सुटत नाही. अमरावतीचं बेलोरा मात्र 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईशी जोडलं गेलं.

वर्गात आम्ही गणित घातलं : शिवणी ते बेलोरा हवाई अंतर 70 किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 500, तर वेळ किती? मुलांनी 8 मिनिटं 24 सेकंद काढली. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पण बसायचं कुठून?" सगळे हसले. आम्हाला मामू आठवले.

मामू मुंबईत वारले. फजरनंतर फोन आला. दफन लवकर व्हावं हे अम्मीच आम्हाला शिकवत आली, त्यामुळे थांबा म्हणण्याची तिची हिंमत होईना. बेलोऱ्याचं विमान रोज नव्हतं. त्या दिवशीही नव्हतं. अकोला ते मुंबई रेल्वेने 583 किलोमीटर. मिळेल त्या गाडीत बसलो. अस्रनंतर जनाजा उठला तेव्हा आम्ही नाशिकच्याही अलीकडे होतो. अम्मीने तसबीह हातात धरली होती, मणी मात्र सरकत नव्हते.

पुढे मुमानी इद्दतीत असताना त्यांना भेटायला निघालो, तेव्हा विमानाचा वार धरूनच तिकिटं काढली. पश्चिमेला जायचं आणि गाडी पूर्वेला! रस्ता मात्र झकास. याच महामार्गावर 2022 च्या जूनमध्ये लोणी ते माना 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता. मूर्तिजापूरला चहा घेतला. इथून अचलपूर आणि यवतमाळकडे शकुंतलेची अरुंद रुळांची गाडी जायची. अम्मी लहानपणी तिच्यात बसलेली, त्यामुळे चहा जरा लांबला. पुढे बडनेऱ्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागलो की बेलोरा. शंभरेक किलोमीटर, थांबत थांबत अडीच तास. विमानतळावर लवकर पोचायचं असतं, तो वेळ वेगळाच. गणितातली आठ मिनिटं इथे कुठे बसतात ते आम्हाला सापडलं नाही.

तरीही खोटं कशाला बोलावं, अम्मीच्या गुडघ्यांना हा प्रवास मानवला. विमान लहान, पंख्यांचं, सत्तरेक आसनांचं. शिडीच्या पायऱ्याही थोड्याच. खालच्या शेतांचे चौकोन पाहत तिने विचारलं, "अपना अकोला कब आएगा?"

आम्ही घड्याळ पाहिलं. उडून वीस मिनिटं झाली होती. अकोला कधीच मागे पडलं होतं.

"गया, अम्मी."

"इत्ता जल्दी?" ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. मुंबई येईपर्यंत ती काही बोलली नाही. उतरताना पर्समधली तसबीह चाचपली, आणि मुमानींसाठी आणलेला घरच्या तुरीच्या डाळीचा पुडा आमच्या हातात दिला.