काचेच्या कांडीतलं फूल

बांगड्या भरताना कासारणीच्या हातात हात दिला की आपण आधीच म्हणून ठेवतो, "सावकाश गं बाई!" धारवाडच्या माझ्या विहीणबाई बळेगाराला तेच म्हणतात, "सावकाश री!" हा शब्द मराठीचा की कन्नडचा, असा वाद आमच्या दोन घरांत कधी झाला नाही. पण तोच शब्द एक दिवस परदेशात, भट्टीसमोर घाम पुसत, तिसऱ्याच भाषेत ऐकावा लागेल असं काही वाटलं नव्हतं.

लेक आणि जावई इटलीत पादोव्हाला नोकरीला आहेत. गेल्या वर्षी मे महिन्यात मी तिथं राहायला गेले होते. त्याच्या आधी काही महिने त्यांनी तिथं घर विकत घेतलं. म्हणजे परत यायचं नाही, हे ठरलंच. फोनवर ऐकलं तेव्हा मी "बरं" म्हटलं आणि त्यानंतर तो विषय काढला नाही. लेकीनंही काढला नाही. घरात आम्ही दोघी स्वयंपाकाबद्दल बोलायचो, नातीच्या शाळेबद्दल बोलायचो, पण ते एक सोडून.

एक दिवस तीच म्हणाली, "आई, मुरानोला जाऊ या. तुला बांगड्यांचं एवढं वेड! तिथं शिकाऊ लोकांनाही काच करून बघता येते."

पादोव्हाहून आगगाडीनं अर्ध्या तासात व्हेनिस. तिथं फोंदामेंते नोव्हेच्या धक्क्यावरून व्हापोरेत्तो, म्हणजे पाण्यावरची बस. वाटेत सान मिकेले हे दफनभूमीचं बेट लागतं आणि दहाएक मिनिटांत मुरानो येतं. व्हेनिसच्या सरकारनं 1291 मध्ये शहरातल्या काचभट्ट्या या बेटावर हलवायला लावल्या. लाकडी घरांच्या शहरात आगीची भीती होतीच, शिवाय कारागिरी एका जागी राहिली की तिची गुपितंही राखता येत. पुढं तर कारागिरांना परवानगीशिवाय देश सोडून जायलाही बंदी होती. हे ऐकून मी लेकीकडं बघितलं. मनात आलं, कायदा काही वाईट नव्हता!

आम्ही गेलो ती कार्यशाळा लहानशी होती. अंगात जाड बाह्यांचा कोट, डोळ्यांना चष्मा, हातांत मोजे. नातीला आणि जावयांना दूर बाकावर बसवलं. भट्टीत साधारण 1100 अंश उष्णता, आणि आत काच मधासारखी पातळ. उस्तादांनी लोखंडी सळई आत घालून फिरवली, तसा टोकाला गोळा आला. तो लोखंडी पाटावर लाटला, मग चांदणीच्या आकाराच्या साच्यात दाबला. त्याला पाकळ्यांसारखे कंगोरे पडले. त्यावर दुसऱ्या रंगाच्या काचेचा थर, पुन्हा साचा, पुन्हा थर. पण तापलेले सगळे रंग सारखेच नारिंगी दिसतात. आत लाल आहे की निळा, काही कळत नाही.

मला आपले चिरोटे आठवले. पोळ्यांवर साटा लावून गुंडाळी करायची आणि कापायची. जिथं कापाल तिथं तेच वेटोळं. ही काचेची कांडी म्हणजे तसंच. फरक एवढाच की कापण्याआधी ती ओढून लांब करायची असते.

ओढायला दोन माणसं लागतात. गोळ्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरी सळई चिकटवली. एक टोक माझ्या हातात, एक लेकीच्या. तोंडं एकमेकींकडं ठेवून मागं मागं चालायचं. मी आपली भरभर चार पावलं टाकली. मधला भाग सुतासारखा बारीक झाला, खाली झुकला आणि तुटला.

"पियानो, पियानो!" उस्ताद ओरडले.

बाकावरून जावई म्हणाले, "अत्ती, सावकाश री!"

मी हसले, तशी लेकही हसली. त्या घरात आल्यापासून आम्ही दोघी पहिल्यांदाच अशा मोकळेपणी हसलो.

मग उस्तादांनी नीट समजावलं आणि लेकीनं मला मराठीत सांगितलं. काच जिथं बारीक होते तिथं ती आधी निवते आणि घट्ट होते. मग ताण आपोआप जाड, गरम भागावर जातो आणि तो लांबतो. म्हणून धीर धरला की कांडी स्वतःच एकसारखी होत जाते. जाडी निम्मी झाली की लांबी चौपट. ओढताना पीळ दिला तर आतल्या रेघांची वेल होते.

दुसऱ्या खेपेला मी लेकीच्या पावलांकडं बघत चालले. ती एक पाऊल मागं, मी एक पाऊल मागं. मुठीएवढ्या गोळ्याची बोटाहून बारीक कांडी झाली, आमच्यात दहा-बारा पावलांचं अंतर पडलं. जमिनीवर मांडलेल्या लाकडी पट्ट्यांवर ती अलगद ठेवली. थंड फरशीवर ठेवली तर तडकते. निवता निवता रंग उमटले. उस्तादांनी तिचे तुकडे केले आणि मला म्हणाले, बघा. प्रत्येक तुकड्याच्या तोंडावर तेच फूल! गोळ्यात होतं तेच, फक्त लहान झालेलं. माझ्या टोकाकडचं आणि लेकीच्या टोकाकडचं दोन्ही तुकडे शेजारी ठेवून बघितले. काही फरक नव्हता.

अशा चकत्या जवळजवळ रचून भट्टीत जोडतात, त्याचे पेले, पदकं, मणी होतात. हळूहळू निववावं लागत असल्यानं आमचं पदक दुसऱ्या दिवशी मिळालं. मुरानोत पंधराव्या शतकात मारिएत्ता बारोव्हिएर नावाची कारागीर होऊन गेली. वडील आंजेलो हे नामांकित काचकार. थराथरांच्या कांडीतून 'रोझेत्ता' मणी घडवण्याचं श्रेय परंपरेनं या लेकीला देतात. काचमण्यांच्या या कलेला 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. तरी 2021-22 मध्ये गॅसचे भाव भडकले तेव्हा बेटावरच्या कितीतरी भट्ट्या बंद ठेवाव्या लागल्या. आपल्या फिरोजाबादेतही बांगडीसाठी काच अशीच ओढतात आणि फिरत्या दांड्यावर गुंडाळतात. लांबच्या लांब दोन गावं, काम एकच.

संध्याकाळी कालव्याकाठी बसलो होतो. नात तुकडे मोजत होती, कधी मराठीत, कधी कन्नडात, मध्येच इटालियनमध्ये. लेक हळूच म्हणाली, "आई, तू अजून रागावली आहेस का?"

मी म्हटलं, "रागावले होते. आता घर नीट दाखव मला. तुळस कुठं ठेवायची ते ठरवू."

येताना बारा चकत्या आणल्या. एक विहीणबाईंना दिली. त्या उजेडात धरून म्हणाल्या, "एष्ट छंद!" त्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही.

कुणी जाणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. कार्यशाळेची वेळ आधी ठरवून जा. आणि विकत घेताना 'व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो' ही खूण बघा, कारण बाहेरून आणलेली काचही तिथं बरीच विकली जाते. आणि कांडी ओढायला मिळाली, तर समोर आपलं माणूस उभं करा. पावलं मात्र सावकाश टाका.